कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

“आणि ती तुमची प्रथा,” शीतगृहवाले उठता उठता म्हणाले, “शनिवारी छपाई संपली की ती मला डोळ्यांनी बघायचीय. त्याशिवाय चेक नाही हं.” आणि हसले. त्यांनी पुढे केलेला हात गारेगार लागला, यात नवल नव्हतं. ज्याच्या गोदामांत बटाट्यांपासून लशींपर्यंत अर्धं शहर थंड होऊन पडलेलं असतं, त्याचा हात ऊबदार कुठून असणार? शेजारी लेक उभी होती; थापाड्याने तो हात सोडला. कुठली प्रथा, हेच त्याला क्षणभर आठवेना. गेल्या भेटीत याच खोलीत, याच खुर्चीवर बसून आपण पुष्कळ काय काय बोललो होतो. मग आठवलं. अंधारात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीनच लागावी, तसा आतून एक हिसका बसला. “हो हो, बघा की,” तो म्हणाला. तोंड त्याचं नेहमीच त्याच्या आधी बोलत असे. “आणि रेघ मारून झाली की प्रत्येक लाकडी ठशाचा एकेक कागद छापून काढायचा, रेघेसकट,” शीतगृहवाले म्हणाले. “मी चौकशी केली. पक्कं काम असंच करतात म्हणे. तो कागद मी इथे लावणार.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंत रिकामी होती आणि वाट बघत होती.

लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे होते. लेक त्यातल्या प्रत्येकात हसत होती. “बाबा, निघालं हो पुस्तक!” तिने त्याच्या दंडाला धरून गदगदा हलवलं, लहानपणी चिंचा पाडायला झाड हलवायची तसं. त्याने आरशात स्वतःकडे बघितलं. एक पांढऱ्या केसांचा, नीट दाढी केलेला, कुणालाही पटेल असा माणूस. हाच तर घोळ होता. तोंडावर लबाडी दिसली असती तर आयुष्यात इतकी प्रगती झाली नसती. त्याची बायको होती तोवर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची, “हे सांगतील त्यातलं निम्मं काढा, उरलेल्याचं पुन्हा निम्मं काढा, आणि जे उरेल ते मला विचारून घ्या.” आता विचारून घ्यायला कुणी राहिलं नव्हतं. लेक बापाचं सगळंच्या सगळं घेत होती. लहानपणी तिला त्याने सांगितलं होतं की छापखान्यातली शाई म्हणजे दळलेली रात्र असते. शाळेत तिने ते परीक्षेत लिहिलं आणि मार खाल्ला, तरी घरी येऊन म्हणाली, बाईंना माहीत नाही.

पुस्तक तिचं होतं. म्हणजे होतं पुष्कळांचं, पण ते उरावर घेऊन फिरत होती ती. चित्रं सगळी बापाच्या जुन्या मित्राची, ठसेवाल्याची, लाकडात कोरलेली. आणि प्रत्येक चित्रासाठी पाच भाषांतली पाच माणसं. त्यांनी त्या एकाच चित्राकडे बघायचं आणि दुसऱ्याने काय लिहिलंय ते न वाचता आपापल्या भाषेत आपापलं लिहायचं. भाषांतर करायचं नाही, ही पहिली अट. पुस्तक स्वस्त ठेवायचं, ही दुसरी. आणि ठसे सांभाळून ठेवायचे, म्हणजे संपलं की पुन्हा छापता येईल, ही तिसरी, आणि ती सगळ्यांनी हात वर करून मान्य केलेली. लिहिणाऱ्यांत एक नर्स होती, एक निवृत्त न्यायाधीश होते, एक रंगाच्या दुकानात बसणारा गृहस्थ होता. यांना एका खोलीत बसवलं की कुणाचं कुणाला कळायचं नाही, पण चित्र मध्ये ठेवलं की सगळे एकदम गप्प व्हायचे, आणि लेक म्हणायची तेच खरं पुस्तक, ते गप्प होणं. ते छापायचं कसं एवढाच प्रश्न होता. त्या प्रश्नासाठी बापाला नेमलं होतं. आजवर त्याने कागदवाल्याकडून कागद काढला होता तो आपल्या आजोळी चार भाषा बोलणारा पोपट होता आणि पाचवी त्याने माणसांसाठी सोडली असं सांगून. बाइंडरला तर त्याने पटवलं होतं की या पुस्तकाची पहिली प्रत दीपगृहात ठेवणार आहेत, वाट चुकलेल्या खलाशांनी आपापल्या भाषेत वाचावी म्हणून. लोक ओळखून असत. ओळखून हसत आणि हसून देत. थापेचं असं असतं. दोघांनी मिळून ती धरायची असते, एकीकडून सांगणाऱ्याने, दुसरीकडून ऐकणाऱ्याने, चादर झटकताना धरतात तशी.

शीतगृहवाल्यांनी चादर धरलीच नाही. त्या पहिल्या भेटीत ते फोनवर अंगठा फिरवत बसले होते. लेक पाच भाषांचं सांगत होती, जीव तोडून सांगत होती, आणि ते मध्येच म्हणाले, “बाई, भाषा काय, रस्त्यावर फुकट मिळतात. यात दुर्मीळ काय आहे?” लेकीचं तोंड उघडंच राहिलं. ते उघडं तोंड थापाड्याला बघवेना. खोली इतकी थंड होती की तिच्या ओठांचा रंग गेला होता. तेव्हा तो खाकरला, खुर्ची पुढे ओढली, आणि म्हणाला की, साहेब, दुर्मीळ आहे ती आमच्या ठसेवाल्यांची प्रथा. शेवटचा कागद छापून झाला की उस्ताद स्वतः कोरणी घेतो आणि ठशाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल रेघ मारतो. संपलं. पुन्हा ते चित्र जगात होणे नाही. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. एका उस्तादाच्या मिशा रेघ मारायला घेतली तेव्हा काळ्या होत्या आणि संपली तेव्हा पांढऱ्या, पण अर्ध्याच, कारण मध्ये त्याला शिंक आली. आणि एका ठशातून, साहेब, वाळून तीस वर्षं झालेल्या लाकडातून चीक आला. शीतगृहवाल्यांनी फोन पालथा ठेवला. लेक बापाकडे बघत होती. तिलाही हे नवीन होतं. “ठसेवाले काका कधी बोलले नाहीत,” ती बाहेर आल्यावर म्हणाली होती. “पण प्रथाच असेल तर आमची ठसे जपायची अट मोडावीच लागेल.” “अशा गोष्टी बोलत नसतात,” तो म्हणाला होता, आणि आपल्या हजरजबाबीपणावर खूश होऊन वाटेत तिला भेळेच्या दुप्पट तिखट अशी आणखी एक थाप खिलवली होती.

लिफ्टचं दार उघडलं. बाहेर ऊन होतं, अंगावर घ्यावंसं वाटणारं, पण ते कातडीच्या आत शिरेना.

ठसेवाल्याचं घर पेट्रोल पंपाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. थापाड्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेला तेव्हा तो खिडकीशी नेहमीच्या जागी बसला होता, मांडीवर ठसा, आणि बोटं ठशावर. साखरेने त्याचे डोळे नेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी उजवा गेला. डाव्या डोळ्याने त्याने पुढे या पुस्तकात आलेले ठसे कोरले, नाक लाकडाला टेकवून, घाईघाईने, दुकान बंद व्हायच्या आत सामान घ्यावं तसं. शेवटचा ठसा झाला आणि डाव्यानेही दार ओढून घेतलं. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की तो एकेक ठसा मांडीवर घेई आणि बोटांनी बघे. ‘चाचपणे’ हा शब्द त्याला खपत नसे. “बस,” तो पायरव ओळखून म्हणाला, “एवढा पूल ओलांडतो आणि आलोच.” त्याची तर्जनी कठड्यावरून चालली, एका खांबाशी थांबली, खाली उतरली, पाण्याच्या आडव्या रेघांवरून परत आली. थापाड्या बघत राहिला. ठशात सगळं उलटं असतं. कागदावर नदी उजवीकडे वाहते ती इथे डावीकडे. म्हणजे हा माणूस गेली काही वर्षं आरशातल्या गावात राहतोय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या गावाला आपण आग लावून आलो आहोत.

तोंड मात्र सुरू झालं होतं. त्याने पंपावरच्या पोऱ्याची नक्कल केली. मग न्यायाधीशांची, ते चित्रातल्या कुत्र्याला आरोपी समजून लिहितात अशी. मग छापखान्याच्या जुन्या मालकाची, जी त्याने हजारदा केली होती. दोघं त्याच छापखान्यात लागले होते, मिसरूड फुटायच्या वयात. थापाड्या छपाईचे खिळे जुळवायला, ठसेवाला साबणाच्या आणि छत्र्यांच्या जाहिरातींचे ठसे कोरायला. एकदा थापाड्याच्या हातून यंत्राचा दांडा तुटला आणि मालकाने सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं. त्याची थाप तयार होती. उंदीर, वीज, मालकाचा मेहुणा, यांपैकी कुणावरही ती बसवता आली असती. पण मालकाने आधी ठसेवाल्याला विचारलं आणि ठसेवाला शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडे बोट दाखवून म्हणाला, “याने.” पगार कापला गेला. संध्याकाळी ठसेवाल्याने आपला पगार आणून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. “मला खोटं बोलता येतच नाही रे,” तो म्हणाला होता, “कान तापतात.” त्या वाक्याला दोघं इतके हसले होते की रस्त्यावर बसावं लागलं होतं. आता या खोलीत एकटा थापाड्याच हसत होता, आणि त्याला ते ऐकू येत होतं.

वहिनी आतून हात पुसत आल्या. “भावजी, आज फारच हसवताय. कोण गेलं?”

“कुणी नाही हो वहिनी.”

“मग कोण जाणार आहे?”

ठसेवाल्याने ठसा उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला. “कशाला त्याला छळतेस,” तो म्हणाला. “त्याला वाटतंय मला माहीत नाही. पोरीचा फोन आला होता रे सकाळी. काका, म्हणाली, बाबा सांगतात ती प्रथा खरी ना? नाहीतर त्यांचं तुम्हाला माहितीये. काका खरं तेच सांगतील म्हणून विचारते, म्हणाली.”

“मग?”

“मग काय. खरी आहे म्हणालो.”

“कान लाल झाले होते यांचे,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.”

नाही म्हणाला असतास तर, असं काहीतरी थापाड्या पुटपुटला. “तर पोरीच्या नजरेत तू काय राहिला असतास?” ठसेवाला म्हणाला. “आणि पुस्तक? तो तुझा थंड शेठ काय खोटारड्यांना पैसे देणार होता? मी या ठशांकडे एकटा किती बघणार? ते पाच भाषांत बघतील.” आणि हात पुढे करून हवेत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. “तू जन्मभर खोटं बोललास, मी एकदा बोललो तर एवढं काय?”

वहिनींनी त्याला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. गॅसकडे तोंड करूनच बोलल्या. “सांगा तिला. आज घरी गेलात की सांगा.” तो हो म्हणाला. “शनिवार झाला की मी यांना दुपारी काय देऊ मांडीवर? सांगा ना. तुम्हाला तर सगळं सुचतं. मांजर देऊ?” चहा उतू गेला. त्यांनी तो पुसला नाही.

सांगायचं, असं ठरवून तो घरापर्यंत चालत गेला. वाक्य तयार होतं. लहान होतं, त्यात पोपट नव्हता. पण लेक फोनवर होती. पाचांपैकी कुणाशी तरी त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत बोलत होती, चुकत होती आणि पुन्हा तेच मोठ्याने बोलत होती, जणू आवाज वाढवला की व्याकरण सुधारतं. तिने त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आज तिला शोभत होती. तीन वर्षं ती नोकरीवरून येऊन याच टेबलाशी बसली होती. एक स्थळ यायचं थांबलं, मग दुसरं. आई गेली त्या आठवड्यातही तिने न्यायाधीशांची पानं तपासली होती. फोन संपला. “काय बाबा?” ती म्हणाली. “काही नाही,” तो म्हणाला, “काकूंच्या हातचा चहा आज पातळ होता.” ही थापसुद्धा नव्हती. हे त्याहून खालच्या दर्जाचं काहीतरी होतं. दर वेळी थाप मारली की त्याला अंग हलकं वाटे, पतंगासारखं. आता न बोलल्याचं वजन पोटरीत उतरत होतं. उद्या सांगू, असं त्याने तीन वेगवेगळ्या दिवशी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःच्या थापांवर त्याचा विश्वास बसत गेला.

शनिवारी छापखान्याच्या मागच्या खोलीत शीतगृहवाले आले ते एकटे नव्हते. मित्र होते, त्यांच्या बायका होत्या, फोटो काढणारा होता. खोलीत अत्तराचे आणि शाईचे वास एकमेकांना ढकलत होते. पुस्तकाचे कागद छापून झाले होते, ठशांवर अजून काळी शाई होती. टेबलावर ठसे ओळीने मांडले होते आणि ठसेवाला धुतलेल्या शर्टात समोर उभा होता, हातात कोरणी. न दिसणाऱ्या माणसाला सरळ रेघ मारता यावी म्हणून पोलादी पट्टी लागणार होती, आणि ती दोन्ही कोपऱ्यांवर दाबून कुणीतरी धरायला हवी होती. “तुम्ही धरा की,” शीतगृहवाले थापाड्याला म्हणाले. “आणि धरता धरता ती गोष्ट सांगा, मिशांची. मी यांना तेवढ्यासाठी आणलंय.”

त्याने पट्टी धरली. ठसेवाल्याचा अंगठा पट्टीच्या कडेला येऊन टेकला, आणि पहिल्याच हिसक्याला लाकडाची ढलपी निघून थापाड्याच्या मनगटावर पडली, केसाएवढी हलकी. तो गोष्ट सांगू लागला. उस्ताद, मिशा, शिंक. गोष्ट आपोआप चालली होती, उतारावरच्या गाडीसारखी, तिला त्याची गरज नव्हती. लोक हसले. बायकांपैकी एक म्हणाली, किती गोड आहेत हे. कोरणी कठड्यातून गेली, खांबातून गेली, नदीतून गेली. त्याला पट्टीतून प्रत्येक थर बोटांत कळत होता, कुठे लाकूड घट्ट आहे, कुठे नस आडवी आली, कुठे ठसेवाल्याने कधीकाळी कोरून पोकळ केलेली जागा आली आणि कोरणी एकदम सटकली. त्याला वाटलं, आपण इतके महिने ही चित्रं विकत फिरलो आणि ती आज पहिल्यांदा बघतोय. गोष्ट चिकापर्यंत आली. “आणि मग, चीक?” शीतगृहवाल्यांनी विचारलं. ठसेवाल्याच्या कपाळावरून घाम घरंगळत लाकडावर पडत होता. “तो यायचा तेव्हा येतो,” थापाड्या म्हणाला. हेही लोकांना आवडलं. लेक कोपऱ्यात उभी होती, तोंडावर हात ठेवून, मोठ्याने बोलायचं नसतं म्हणून.

वहिनी आल्या नव्हत्या. ठसे घरी नेऊन दिले तेव्हा त्यांनी ते मोजले नाहीत, पलंगाखाली सरकवले. नंतरच्या दुपारी थापाड्या जात राहिला. ठसेवाला खिडकीशीच बसे. एकदा त्याने एक ठसा मागून घेतला, बोट टेकवलं, चालवलं, आणि ते चरात पडलं. त्याने पुन्हा कडेने सुरुवात केली, ते पुन्हा तिथेच घसरलं. चार रस्ते करून बघितले. मग “घे,” म्हणाला, “पाय मुरगळतो.” त्यानंतर मागितला नाही. हात मांडीवर पालथे ठेवून बसू लागला, आणि दुपारी झोपू लागला, जे त्याने कधी केलं नव्हतं. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, साखर. थापाड्याने नवे लाकडाचे तुकडे आणून दिले. ते कोरेच राहिले.

पुस्तक आलं तेव्हा ते पेटीत होतं. शीतगृहवाल्यांनी आपल्या मनाप्रमाणे बांधून घेतलं होतं. जाड पुठ्ठा, कातडी पाठ, आणि पानं अशी दाबून घोटून घेतलेली की टाइल्सवरून हात फिरवल्यासारखं वाटावं. प्रती थोड्याच, बहुतेक त्यांच्या ओळखीत जाणाऱ्या. नर्सला एक मिळाली, न्यायाधीशांना एक; रंगाच्या दुकानातल्या गृहस्थाने किंमत विचारली आणि हसला. लेकीने आपली प्रत काकांसाठी आणली. वहिनींनी स्टूल पुसून दिलं. ठसेवाला जागा होऊन बसला, शर्टाची वरची गुंडी लावली, आणि पुस्तक मांडीवर घेतलं. किती जड आहे गं, म्हणाला. मग त्याने उघडलं आणि तळहात पानावर ठेवला.

तळहात थांबला. मग बोटं हळूहळू निघाली, वर, कडेने, खाली, परत वर. घोटलेल्या कागदावर ती नुसती सरकत होती. पान उलटलं. पुन्हा तसंच. थापाड्या समोरच होता. त्याने मित्राचा चेहरा बघितला, आणि त्या चेहऱ्यावर काहीतरी चटकन आवरून ठेवलेलं बघितलं, पाहुणे आले की खोली आवरतात तसं.

“वा,” ठसेवाला म्हणाला. “काय उतरलंय! ही आपली दोरीवरची धुणी ना? पोरी, वारा बघितलास का कपड्यांत? बाही कशी भरलीय बघ.”

लेक वाकली. त्याचा हात दोन चित्रांच्या मध्ये घातलेल्या कोऱ्या पानावर होता. कोऱ्या, पांढऱ्या, कशाचाही डाग नसलेल्या पानावर. ती वाकली होती तिथूनच तिला काकांचे लाल झालेले कान दिसले; खरं तेच सांगणारे काका थाप मारत होते. मग तिने पलंगाखाली बघितलं, तिथे ठशांच्या कडा दिसत होत्या, धूळ बसलेल्या. मग वहिनींकडे, त्यांनी तोंड फिरवलं. आणि शेवटी बापाकडे बघितलं. तिने विचारलं नाही, फक्त ओठ हलवले, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. होती ना, बाबा? ती प्रथा?

त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. सगळी एकदम आली, रांगेत उभी राहिली, प्रत्येकाला मिशा होत्या. त्याने त्यांतल्या कुणालाही घेतलं नाही. त्याने मान आडवी हलवली. नाही.

ती सरळ उभी राहिली. पाय लहान मुलीसारखे जवळ घेऊन उभी राहिली, आणि त्याच्याकडे, पहिल्यांदाच, एखाद्या बाहेरच्या माणसाकडे बघतात तसं बघू लागली.

“आणि हा चिमटा,” ठसेवाला बोट टेकवून सांगत होता, “हा कोरताना माझा डोळा गेला होता जवळजवळ, पण बघ कसा घट्ट बसलाय. बसलाय ना?”

“बसलाय, काका,” ती म्हणाली.